विनिता टीचरांचा परिचय

"टीचर, आमची लग्नं होण्याआधी तुमची पीएचडी संपेल का हो?"

पैज सेजलची होती. मी हे भर वर्गात विचारलं तर दोन दिवस कॅन्टीनची पातळभाजी आणि उंडे पाव तिच्याकडून. तिला वाटलं, मी कच खाणार. गेल्या वर्षीची मी खाल्लीही असती, हजेरीलासुद्धा कुजबुजायचे. पण यंदा अकरावीत वक्तृत्वात पहिली आले आणि तेव्हापासून माझा आवाज मलाच भारी आवडायला लागला आहे.

विनिता टीचर रागावल्या नाहीत. खडू ठेवून म्हणाल्या, "तुझी तारीख आधी सांग गो, मग बघू." वर्ग खदखदला. मग त्यांनी सगळंच सांगितलं. मुळगावचं घर, त्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, साखळीला बी.ए., विद्यापीठात समाजशास्त्रात एम.ए., तिसऱ्या खेपेला नेट, आणि सहा वर्षं कंत्राटावर शिकवणं. दर तीस सप्टेंबरला कंत्राट संपतं, नवीन मिळतं.

"आणि पीएचडी कशावर?" तनयाने विचारलं.

"पेडण्याच्या पठारावर. बाहेरच्यांच्या बंगल्यांसाठी जमिनी गेल्या, तेव्हा गावात कोणाला विचारलं आणि कोणाला नाही. चौतीस माणसं बोलली माझ्याशी. प्रबंधात त्यांची नावं नाहीत, फक्त आकडे. त्या अटीवरच बोलली ती."

मी हात वर करणारच होते! कारण त्यातलं एक माणूस मला ठाऊक होतं. एप्रिलमध्ये आईने कोरगावच्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, शेजारच्या धाकूआजोंना पेज द्यायला पाठवलं होतं, तेव्हा त्यांच्या काजूफेणीच्या भट्टीत एक बाई मांडीवर वही घेऊन लिहीत बसलेली पाहिली होती. धुराने डोळे लाल, तरी लिहितेय. याच त्या. टीचरांनी माझ्याकडे बघून मान जराशी हलवली. नको. मी अर्धवट उचललेला हात खाली घेतला.

पण शिक्षकदिनाच्या फलकाचं काम माझ्याकडे आलं आणि माझा हात काही राहिना. टीचरांचा शैक्षणिक परिचय लाल-निळ्या शाईत लिहिला, सगळ्या पदव्या एकाखाली एक. शेवटी वाटलं, नुसत्या पदव्या कोण वाचणार? म्हणून लिहिलं : 'कोरगावच्या आमच्या वाड्यावरच्या भट्टीत धुरात बसूनही मुलाखत घेणाऱ्या आमच्या टीचर.' नाव थोडंच लिहिलं होतं मी?

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फलकासमोर एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी. फोनवर फोटो काढत होते.

"अक्षर तुझं? सुंदर आहे."

मी फुलले. त्यांनी विचारलं, टीचरांचं बी.ए. कुठल्या वर्षी, मार्गदर्शक कोण, कंत्राट कधी संपतं. माहीत होतं तेवढं सगळं मी घडाघडा सांगितलं. निघताना ते हसून म्हणाले, "हुशार आहेस. कृष्णनाथाचीच मुलगी ती."

ते गेटबाहेर गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी माझं नावच सांगितलं नव्हतं, बाबांचं तर नाहीच.

त्याच संध्याकाळी दोन माणसं आमच्या वाड्यावर आली. हंगाम नसल्यामुळे भट्टी बंद होती, तरी कडी काढून आत बसली. मी आमच्या पडवीतून पाहत होते. काही फोडलं नाही, ओरडली नाहीत. थंड चुलीसमोर बराच वेळ नुसती बसली. जाताना एकाने धाकूआजोंना विचारलं, "हंय बसान कोण काय सांगी होता?" आजो म्हणाले, "कोण नाय." आणि दार लावून घेतलं. ते दार मग चार दिवस उघडलं नाही.

शाळेत मी हे सांगितल्यावर टीचरांनी स्वतःच फलक उतरवला. मी रडायच्या बेतात. त्या म्हणाल्या, "तू नाव लिहिलं नाहीस गौरवी. पण त्या वाड्यावर भट्टी एकच आहे ना?" बस, एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग बातमी आली. व्यवस्थापनाकडे तक्रार गेली होती : या बाईंनी मुलाखती घेतल्याच नाहीत, गावाची बदनामी करायला सगळं मनाने लिहिलं. सोमवारी चौकशी. दहावीपासूनचे सगळे दाखले घेऊन या, आणि मुलाखत दिलेल्या एका तरी माणसाचं नाव सांगा, नाहीतर कंत्राट पुढे नाही.

"सांगा ना एक नाव!" मी स्टाफरूमच्या दारात म्हणाले.

"सांगितलं तर नोकरी राहील. पण ज्याचं सांगेन त्याच्या दारात कोण येऊन बसेल, ते तू पाहिलंस."

संध्याकाळी मी धाकूआजोंच्या बंद दाराशी गेले. "आजो, मी गौरवी. टीचर आल्या होत्या ते मी सोमवारी सांगू?"

वरून मोपा विमानतळावरचं विमान घरघरत गेलं. ते गेल्यावर दारामागून, अगदी जवळून आवाज आला. म्हणजे आजो तिथेच उभे होते.

"माजा नाव घेव नको. तुजा घे."

घरी आई चवळी निवडत होती. बाबांच्या हातात फोन होता आणि चेहरा उतरलेला.

"कोणीतरी विचारी होतो," बाबा म्हणाले, "तू खंयच्या बसने शाळेत जातंस."

आईचे हात थांबले. "तू काय केलंस गो?"

मी सांगितलं. सगळं, फलकापासून. बाबा उठले, खिडकी लावली, परत बसले. "आपल्याक कित्या ह्या सगळा? ती टीचर आज असा, फाल्या नाय."

"ती नसेल, तर मी लिहिलं म्हणून नसेल, बाबा."

बाहेर रस्त्यावर एक गाडी सावकाश गेली. आम्ही तिघंही ती पुढे जाईपर्यंत ऐकत राहिलो.

मग मी बोलले. वक्तृत्वातला आवाज काही निघाला नाही, साधाच निघाला.

"सोमवारी मी चौकशीत लेखी देणार आहे. एप्रिलमध्ये टीचरांना कोरगावात मुलाखत घेताना मी डोळ्यांनी पाहिलं. कोणाची, ते सांगणार नाही. फलकापाशी त्या माणसाने मला काय काय विचारलं, तेही लिहिणार. खाली सही करायची तर पूर्ण नाव लागतं, आणि माझ्या पूर्ण नावात तुमचं नाव येतं, बाबा. म्हणून आधी तुम्हाला सांगतेय. विचारत नाहीये."