पाठ पुढे आली तेव्हा

भागाबाईला कुणी आयुष्यातले सुखाचे दिवस विचारले, तर ती लग्नातले सांगत नसे, पहिला मुलगा झाला तेव्हाचेही नाही. ती धुळ्याच्या दवाखान्यातले दिवस सांगे. सून प्रमिला पहिल्यांदा हे ऐकताना थट्टा समजून हसली होती, कारण त्याच दवाखान्यात सासूचा एक स्तन काढून टाकला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

इंग्रज-जर्मनांची पहिली मोठी लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली होती. भागाबाई आणि तिचा नवरा लोटन पारोळ्याजवळच्या एका खेड्यात कपाशी आणि ज्वारीची शेती करत. कापूस वेचताना बाया पदराची ओटी करून भरतात. ती भरलेली ओटी डाव्या बाजूला घासली, की भागाबाईला टोचल्यासारखं व्हायचं. चाचपलं तर बोराएवढी गाठ. वेचणी संपेपर्यंत तिनं कुणाला सांगितलं नाही. तोवर गाठीवरची कातडी लाल होऊन आत ओढली गेली होती. मग एका सकाळी तिनं लोटनचा हात धरून तिथं ठेवला. तो उठून गाडीच्या कण्याला वंगण घालायला लागला.

धुळ्यात डॉक्टर मोडकांचा दवाखाना होता. लढाईत ते बसऱ्याच्या छावणीत होते आणि फुटलेले चेहरे, फाटलेली अंगं शिवायचं काम तिथं शिकले होते. त्यांनी भागाबाईला तपासलं आणि दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं.

"गाठ काढायची तर स्तन काढावा लागेल, वरच्या सगळ्या कातडीसकट. मग छाती उघडी राहील. तिथं तुमच्याच पाठीचं कातडं, खालच्या मांसासकट, पुढं वळवून बसवीन. त्याचं मूळ काखेतून सोडवणार नाही, म्हणून ते जिवंत राहील."

लोटननं विचारलं, की मग ते आधीसारखं होईल का. डॉक्टर म्हणाले, नाही, पण खड्डा राहणार नाही, थोडा उंचवटा येईल. असं काम आपण आधी एकदाच केलंय, हेही त्यांनी लपवलं नाही.

भागाबाई तोवर खाली बघत होती. ती हळूच म्हणाली, "मन्ही पाठ पुढे आनशात, मंग मांगे काय राही?"

"टाके राहतील," डॉक्टर म्हणाले. "लांबलचक. पण पाठ कोण बघतं?"

तिला हे पटलं. ती हो म्हणाली.

क्लोरोफॉर्म उतरला तेव्हा तिला पुढून आणि मागून दोन्हीकडून कुणी ओढत असल्यासारखं वाटत होतं. डावा हात अंगाशी पट्ट्यांनी बांधलेला होता. पहिले काही दिवस तिला फारसे आठवत नव्हते. ताप उतरून तिनं नीट डोळे उघडले, तेव्हा शेजारच्या खाटेवर एक बाई बसलेली दिसली. बाईच्या कपाळावर पट्टी होती आणि कपाळातून कातड्याचा एक पिळलेला देठ खाली नाकावर आला होता.

ती दिवालीबाई. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. मोहाची फुलं वेचायला पहाटे गेली असताना झाडाखाली अस्वल होतं, त्यानं तिचं नाक फाडून नेलं. नवरा आमश्या आणि त्याच्या भावांनी तिला झोळीत घालून शिरपूरपर्यंत आणलं, तिथून धुळ्याला. डॉक्टरांनी कपाळाचं कातडं वळवून नाकावर बसवलं होतं. ते नाकाला धरेपर्यंत देठ कापायचा नव्हता, म्हणून तिला थांबवून घेतलं होतं.

दिवालीबाईला भागाबाईची बोली अर्धीमुर्धी कळायची आणि भागाबाईला तिची त्याहून कमी. पण बोलायची फार गरज पडली नाही. भागाबाईचे केस गुंतून जटा झाल्या होत्या, एका हातानं विंचरता येत नव्हते. दिवालीबाई न विचारता तिच्या मागे येऊन बसली आणि गुंता सोडवायला लागली. आई गेल्यापासून भागाबाईच्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. ती रडायला लागली तेव्हा दिवालीबाईला वाटलं केस ओढले गेले, आणि ती आणखी हळू हात चालवायला लागली.

दवाखान्यात आरसा देत नसत. दिवालीबाई रोज सकाळी तोंड पुढे करून विचारायची, "कसं दिसस?" भागाबाई खोटं बोलली नाही. आज काळं शे, आज सुजेल शे, असं सांगायची. एकदा ती म्हणाली, "आज नाकसारखं दिसस," तर दिवालीबाई दिवसभर ओसरीत येरझारा घालत राहिली.

लोटन धर्मशाळेत उतरला होता. त्यानं जन्मात कधी भाकरी थापली नव्हती. एकीकडे जाड, एकीकडे करपलेली अशी भाकरी तो दोघींसाठी घेऊन यायचा आणि त्या खाताना दुसरीकडे बघायचा. भागाबाईला दळण नव्हतं, पाणी नव्हतं, शेण नव्हतं. ऊन खाली उतरेपर्यंत ओसरीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायच्या, एवढंच काम होतं.

दिवालीबाईचा देठ कापायचा होता, त्याच्या आधीची गोष्ट. नाकावर माशी बसली आणि तिनं कपाळ खाजवलं. माशी नाकावरच. तिनं पुन्हा कपाळ खाजवलं. भागाबाईनं माशी उडवली, तेव्हा दोघींना उलगडलं. मग भागाबाईनं चोळीवरून स्वतःच्या उंचवट्यावर बोट दाबलं. दाबल्याचं तिला पाठीत कळलं, खांद्याच्या फऱ्याखाली.

"तुन्हं बी फिरी गयं, मन्हं बी," ती म्हणाली. दोघी इतक्या हसल्या, की डॉक्टर बघायला आले. टाके ताणतील म्हणून ते रागावले आणि जाताना स्वतःही हसले.

पुढच्या आठवड्यात देठ कापला आणि काही दिवसांनी आमश्या दिवालीबाईला न्यायला आला.

भागाबाई घरी आली, जखम भरली, गाठ पुन्हा झाली नाही. लोटननं एकदा पाठीवरच्या वणावरून हात फिरवला आणि दुखतं का विचारलं. ती नाही म्हणाली. मग त्यानं पुढेही हात ठेवला, आणि तो विषय त्यांच्यात तेवढाच झाला. विहिरीवर दोर खाली ओढताना तिच्या छातीवरचं ते पाठीचं मांस जुन्या सवयीनं टुणकन उडायचं. तिला हसू यायचं. पण सोबतच्या बायांना सांगता येत नव्हतं, त्या कीव करायच्या. ज्या एकीला ते सांगावं ती तापीच्या पलीकडे होती.

वर्षं गेली, मुलगा कर्ता झाला. एका उन्हाळ्यात कामं आटोपल्यावर ती लोटनला म्हणाली, माले शिरपूरना बाजार दखाडा. काय घ्यायचंय असं त्यानं विचारलं नाही.

बाजारात डिंक आणि चारोळी विकायला पाड्यावरच्या बाया बसतात. तिथं तिनं दिवालीबाई असं विचारत विचारत एकेक रांग पालथी घातली. शेवटी एका टोपलीमागे ती दिसली. नाक थोडं आखूड होतं, पण नाकच होतं. भागाबाईच्या अंगावर चांगलं लुगडं, डोईवर पदर. दिवालीबाईनं तिला गिऱ्हाईक समजून माप उचललं. मग ते खाली ठेवलं.

दोघी लिंबाच्या सावलीत बसल्या. दिवालीबाईला तीन मुलं झाली होती, आमश्या मागच्या साली गेला होता. भागाबाईनं विहिरीची गोष्ट सांगितली. दिवालीबाईनं तिला दोर ओढल्यासारखा हात खाली ओढून दाखवायला लावला आणि भर बाजारात चोळीवर तळवा ठेवून ते मांस उडताना पाहिलं. गिऱ्हाईक आलं की दिवालीबाई उठायची, चारोळी मापून पुन्हा येऊन बसायची.

ऊन कललं. लोटननं बैल जुंपले आणि गाडी लिंबापाशी आणली. दोघींकडे त्यानं थोडा वेळ पाहिलं. मग खाली उतरून तो जू सोडायला लागला.

"बैल थकी ग्यात," तो म्हणाला. "सकाय जाऊत."

बैल दिवसभर सावलीत कडबा खात उभे होते.