उजवीकडे वळलेलं काळीज

मित्रांनो, मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. एका नळीचा, एका डोळ्याने पाहायचा. माझ्यात डोकावणारा प्रत्येक जण आधी दुसरा डोळा घट्ट मिटतो आणि तोंड वाकडं करतो. त्यामुळे आजवर भेटलेली सगळी माणसं मी वेडावतानाच पाहिली आहेत!

एका कारखान्यात माझी भिंगं घासली गेली, पितळी नळीला चकाकी दिली गेली आणि मी इथे आलो. कांद्याचा पापुद्रा, डबक्यातलं पाणी, माशीचा पाय, काय काय नाही दाखवलं मी! मुलं माझ्यापुढे रांग लावत, एकमेकांना ढकलत. पुढे पडद्यावर चित्र दाखवणारी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. अंगावर प्लॅस्टिकची पिशवी, शेजारी फुटक्या परीक्षानळ्या. भिंगाच्या कडेला बुरशी धरू लागली, तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मात्र कपाट उघडलं. जीवशास्त्राच्या बाईंनी मला बाहेर काढलं, मऊ फडक्याने पुसलं. पडद्याचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, आणि त्यांच्याकडे थांबायला वेळ नव्हता. सोबत त्यांची धाकटी बहीण होती. ती शिवणकाम करायची. पोटुशी होती, आणि रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

आदल्या दिवशी तिच्या पोटाची तपासणी झाली होती. बाळाचं काळीज उजव्या बाजूला होतं. जठर, यकृत, सगळं आरशातल्यासारखं अदलाबदल झालेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की काळजाची ठेवण चांगली आहे, जन्मल्यावर बाळाचा श्वास तेवढा नीट तपासू. पण धाकटीच्या कानात पुढचं काही शिरलंच नव्हतं. घरी कुणी म्हणालं, हिने जड बादल्या उचलल्या. शेजारीण म्हणाली, ही सारखी उजव्या कुशीवर झोपायची, बाळ त्याच अंगाला कललं असणार. आणि धाकटीला ते पटलं होतं.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांच्याकडे काचेच्या टाकीत पट्टेरी मासे होते. त्या माशांची अंडी इतकी पारदर्शक, की आतलं पिल्लू घडताना दिसतं. त्यांनी एक अंडं माझ्याखाली ठेवलं, पिल्लाची पाठ वर करून, आणि बहिणीला स्टुलावर बसवलं.

धाकटीने डोळा लावला. आधी नुसतं धूसर. बाईंनी माझा स्क्रू हळूहळू फिरवला आणि एकदम सगळं लख्ख झालं! मोहरीहून लहान ते पिल्लू, आणि त्यात धडधडणारी एक इवलीशी नळी. तेच त्याचं काळीज. अजून पुरतं घडलेलंही नव्हतं, तरी कामाला लागलं होतं.

"ताई, याचंही उजवीकडेच आहे," धाकटी पुटपुटली. तिचा चेहरा उजळला.

बाईंनी कपाळावर हात मारला. सांगायचं राहूनच गेलं होतं. माझी भिंगं वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे दाखवतात. पिल्लाचं डोकंही तिला खालीच दिसत होतं. म्हणजे काळीज होतं डावीकडेच, चारचौघांसारखं. धाकटीचा चेहरा पुन्हा पडला. मला अस्सं वाटलं, की आपली नळीच गळून पडावी!

पण बाई हटल्या नाहीत. एकेक अंडं ठेवत राहिल्या आणि बोलत राहिल्या. सुरुवातीला पिल्लाच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, त्यांनी सांगितलं. मग एक एवढीशी पोकळी तयार होते. तिच्यातले केसांहून बारीक तंतू गरगर फिरतात, सगळे एकाच दिशेने. त्याने आतलं पाणी ठरावीक बाजूला वाहतं आणि त्यावरून शरीराला कळतं, डावं कुठलं. माणसाच्या बाळातही असाच प्रवाह वाहतो. कधी तो वाहत नाही, कधी पुढचा निरोप चुकतो. मग काळीज कुठे वळेल याचा नेम नसतो. श्वासनळीतही तसलेच हलणारे तंतू असतात, म्हणूनच डॉक्टर बाळाचा श्वास तपासणार आहेत.

"आणि हे कधी ठरतं?" धाकटीने विचारलं.

"तुला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी. तू कुठल्या कुशीवर झोपलीस, त्याचा काही संबंध नाही गं."

 धाकटीने स्वतःच ड्रॉपर उचलला आणि पुढचं अंडं ठेवलं. आता तिला सोडवेना! डोकं कुठे, पाठ कुठे, हे ती आधी पाही, मग बाजू सांगे. डावं, डावं, पुन्हा डावं. बाईंनी चहा आणला, तो निवला. आणि मग ती एकदम ताठ बसली.

"ताई, हे बघ. हे खरंच उजवीकडे आहे."

बाईंनी पाहिलं. दोनदा पाहिलं. खरंच होतं! माझं सारं पितळ शहारलं, मित्रांनो. बुरशी धरलेल्या या भिंगांतून ती आई आपल्या बाळाचा सोबती पाहत होती, आणि ती नळी धडधडत होती, इतरांसारखीच, तितक्याच जोरात.

धाकटीने डोळे पुसले. म्हणाली, एक बाही उलटी लागली तर सदरा वाया जातो. पण अख्खं कापडच उलट्या बाजूने बेतलं, तर सदरा अंगात बसतोच की. बाई हसल्या. अगदी असंच, म्हणाल्या.

ते पिल्लू त्यांनी वेगळ्या भांड्यात ठेवलं. थोड्या दिवसांनी धाकटी मुद्दाम ते बघायला आली. पिल्लू सुळकन पोहत होतं आणि भांड्याच्या कडेला ढुशा देत होतं.

पुढे तिला मुलगी झाली. सगळे श्वास रोखून उभे होते. डॉक्टरांनी तपासलं, श्वास स्वच्छ होता, आणि पोरीने असा टाहो फोडला, की बाई प्रयोगशाळेत ते सांगताना हसत होत्या आणि रडत होत्या.

आता ती मुलगी शाळेत जाते. डॉक्टरांनी छातीवर नळी टेकवली, की आपणच सांगते, "तिकडे नाही काका, इकडे."

मित्रांनो, मी अजून टेबलावर आहे. माझ्या भिंगावर बोटं उमटवू नका, काम झालं की झाकून ठेवा. आणि एखाद्या आईला दोष द्यायला तोंड उघडण्याआधी, कृपा करून, एक डोळा मिटून नीट बघा.