कागद चोख, पाहुणा अडला

माझा भाचा वाली फ्रान्सात जन्मला आणि तिथेच वाढला. बाप गेल्याचं कळवलं तर रडायच्या आधी त्याने विचारलं, "आत्या, यायला काय काय लागतं?" मीही सांगितलं. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड आण. हिवतापाच्या गोळ्या घे. शेजारच्या देशातल्या बांजुलचं विमान स्वस्त पडतं, तिथून बोटीने नदी ओलांड आणि सरहद्दीवरच्या कारांगच्या नाक्यावरून सेनेगालात ये. डाव्या हाताने कुणाला काही देऊ नकोस. नाक्यावर फोन बाहेर काढू नकोस.

दफन चार वाजता होतं. माझा भाऊ लातीर आठवडाभर शवागारात लेकाची वाट बघत पडला होता. चारनंतर पाद्री दुसऱ्या गावाला निघणार होता. त्याआधी वाली पोचला नाही, तर बापाचं तोंड त्याला कधीच दिसणार नव्हतं.

दुपारी त्याचा फोन आला. "आत्या, मला नाक्यावर बसवून ठेवलंय."

या वयात मी एका दिवट्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, कंबर खिळखिळी करून घेत नाका गाठला. टेबलावर पासपोर्ट, पिवळं कार्ड, सगळं चोख मांडलेलं. एका बाजूला तोंड फुगवून वाली, समोर पोट सुटलेला साम्बू नावाचा शिपाई.

"ह्याने मला गुलाम म्हटलं," वाली म्हणाला. "मी तक्रार करणार."

"आडनाव न्गोम दिसलं, तेव्हा म्हटलं, माझा पळालेला गुलाम परत आला," साम्बू म्हणाला. "तर हा माझं चित्रण करायला लागला. नाक्यावर. आता साहेब आल्याशिवाय मी तरी काय करू?"

मी कपाळावर हात मारला. आम्ही सेरेर जमातीचे, साम्बू जोला जमातीचा. आम्ही भेटलो की आधी थट्टेने एकमेकांना गुलाम म्हणायचं, एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायच्या, मग बोलायचं. ज्याला राग येतो तो परका. आता हे कुणी सांगून शिकवतं का? पाण्यात उतरलं की भिजतं, हे सांगतं का कुणी?

मी कमरेवर हात ठेवले. "साम्बू, ताडीच्या मडक्यात जन्मलेल्या, तुझ्या आजोबाला माझ्या आजोबाने वाडगाभर भातावर विकत घेतलं होतं. आणि अर्धा भात तोच परत खाऊन गेला. तू माझ्या पोराला अडवतोस?"

साम्बूचा चेहरा फुलला. "चला, घरात एक तरी शिकलेलं माणूस आहे. कशासाठी आलाय हा?"

"बापाला मूठमाती द्यायला. लातीर न्गोम गेला."

त्याने टोपी काढली. "आणि हे मला आत्ता सांगतेस, बये?" त्याने वालीकडून चित्रण पुसून घेतलं आणि पासपोर्टावर शिक्का हाणला.

वाटेत वाली कुरकुरला, "उद्धट माणूस आहे." मी म्हटलं, "गप बस, दीडशहाण्या."

आम्ही चारच्या आत पोचलो. वालीने बापाचं तोंड पाहिलं, पण डोळ्यांतून टिपूस नाही. पेटी खड्ड्यापाशी आणली, तर नाक्यावरून आमच्या मागोमाग आलेला साम्बू गणवेशातच गर्दीतून पुढे आला आणि सरळ खड्ड्यात उतरून आडवा झाला.

"ही जागा माझी," तो म्हणाला. "लातीर माझा गुलाम होता. मला न विचारता मेला कसा? मी नाही उठत."

बायका पदराआड हसल्या. पाद्र्याने घड्याळ पाहिलं. आमची रीतच आहे, जोला थट्टेने खड्ड्यात शिरला की त्याला उत्तर द्यायचं ते मयताच्या लेकाने. सगळे वालीकडे बघत राहिले. हा आता तक्रारवही मागतो की काय?

वाली कडेला आला.

"ऊठ रे भातखाऊ," तो म्हणाला. "आयुष्यभर माझ्या बापाने तुझं पोट भरलं. आता त्याला निजू दे."

हसण्याचा असा गदारोळ उठला की पाद्रीही हसला. साम्बूने वर हात केला. वालीने वाकून तो धरला, त्याला बाहेर ओढलं, आणि मग तो हात काही सोडला नाही. साम्बूच्या खांद्यावर डोकं ठेवून पोर ढसाढसा रडलं, आणि मीही रडले.

"रड, माझ्या गुलामा," साम्बू त्याच्या पाठीवर थापटत म्हणाला. "फक्त चित्रण करू नकोस."