चिठ्ठीखालचे शेवटचे पान

मित्रांनो, लालबागच्या एका वाचनालयात खालच्या खणात जे फाटके पुस्तक पडले आहे, ते मी. जन्माने मी कोरियन. एका चित्रकथामालेचा सातवा आणि शेवटचा भाग. माझ्या कथेत रक्त पिऊन जगणारा मिन्हो नावाचा तरुण आहे. घाबरू नका, तो बिचारा कोणाचा गळा धरत नाही. इंग्रजीचा पोशाख चढवून मी इकडे आलो आणि शेजारी कुटल्या जाणाऱ्या मसाल्याचा असा वास मला लागला, की मला उघडणारा आधी शिंकतो.

आमच्या ग्रंथपाल मृणालिनीबाई शिस्तीच्या. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्या तारखेची चिठ्ठी चिकटवतात. माझ्याआधी इथे जपानी चित्रकथा आल्या होत्या. त्या मागच्या बाजूने सुरू होतात, हे बाई मोठ्या कष्टाने शिकल्या होत्या. मला पाहून त्यांना वाटले, हाही त्यातलाच. कोरियन पुस्तके तुमच्यासारखीच पुढून वाचतात, हे त्यांना कोणी सांगितले नाही. झाले! माझे शेवटचे पान पहिले समजून त्यांनी त्यावर भरपूर खळ लावून चिठ्ठी डकवली. बाकी सहा भागांच्या शेवटी नुसत्या जाहिराती होत्या, म्हणून त्यांचे काही बिघडले नाही. बिघडले ते माझेच.

एके दिवशी प्रिती नावाची मुलगी आली. तिचे आजोबा शामराव महापालिकेतून निवृत्त झालेले, परळच्या चाळीत राहणारे आणि भुताखेतांच्या गोष्टींचे जन्माचे शौकीन. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, त्यांचे रक्त यंत्रातून शुद्ध होऊन यायचे. शनिवारी प्रितीला सुट्टी, म्हणून ती शेजारी बसून वाचून दाखवायची. वाचनालयातली सगळी भुते संपल्यावर तिला आमचा पहिला भाग सापडला.

चित्रांची पुस्तके पोरासोरांची, असे म्हणून शामरावांनी आधी नाक मुरडले. दुसऱ्या भागापासून मात्र ते शनिवारची वाट बघू लागले. इंग्रजी कादंबऱ्यांतले रक्तपिपासू म्हणजे वाडे, नोकरचाकर, सगळी मिजास. जपान्यांच्या दर चार पानांनी तलवारी. गावाकडची भुते तर नुसती झाडावर बसून राहतात. मिन्हो त्यांना वेगळा वाटला. तो रोज खानावळीत कामाला जायचा आणि एक म्हातारी नर्स त्याला दर महिन्याला कपभर रक्त आणून द्यायची.

"दुसऱ्याच्या जिवावर जगायची लाज वाटते त्याला," शामराव म्हणाले. प्रितीने पटकन पान उलटले. ती त्यांच्यासाठी रजा टाकायची, त्यांना आधार देऊन तीन जिने उतरवायची, आणि ते त्यांना सहन होत नव्हते हे तिला ठाऊक होते.

मग माझी पाळी आली. शेवटून दुसऱ्या पानावर मिन्होपुढे भरलेला कप आहे आणि तो म्हणतो, पुरे झाले आता. प्रितीने पान उलटले, तर पुढे चिठ्ठी.

"त्यानं काय केलं ते बघून ये," शामराव म्हणाले. "मग मी माझं ठरवतो."

प्रितीने मोबाइलवर खूप शोधले, पण आमची माला आता कुठेच मिळत नव्हती. संध्याकाळी ती मला घेऊन वाचनालयात आली. बाईंना आपली चूक कळली आणि त्या ओशाळल्या. त्यांनी ओल्या फडक्याने चिठ्ठी भिजवली आणि हळूच ओढली. चिठ्ठीबरोबर चित्रही निघून आले. उरला फक्त खालचा कोपरा, आणि त्यात एक पालथा कप.

प्रितीला खोटे बोलता आले असते, पण आजोबा पान पाहिल्याशिवाय सोडणार नव्हते. त्यांनी चष्मा लावून मला बराच वेळ न्याहाळले.

"पिऊन, धुऊन ठेवला असेल, आजोबा."

"नाही गं. ओतून दिला त्यानं. सुटला."

मंगळवारी शामराव दवाखान्यात गेले नाहीत. गुरुवारी प्रिती रडली, भांडली, तरी ते उठले नाहीत. त्यानंतर आठ दिवसांनी तिने मला परत आणून दिले आणि टेबलावर ठेवून ती गेली. त्यानंतर मला कोणी घरी नेलेले नाही.

मित्रांनो, पुस्तकावर काही चिकटवण्याआधी ते एकदा उघडून वाचत जा. आम्हाला तोंड नसते. जे सांगायचे ते आम्ही पानांवरच सांगतो, आणि माझे नेमके तेच पान गेले. मला अजून राहवत नाही, म्हणून तुम्हाला तरी सांगतो. त्या पानावर मिन्होने कप शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन, धुऊन पालथा ठेवला होता, आणि तो बूट घालून कामावर निघाला होता.