अर्धं राहिलेलं वाक्य

मी शिंप्याच्या दुकानातलं कापड कापायचं टेबल. अंगावर कात्रीचे ओरखडे आहेत, फटींत खडूची भुकटी मुरली आहे. माझ्याजवळ दोन भाऊ काम करायचे. थोरला कापायचा, धाकटा शिवायचा. थोरल्याच्या हाताला वळण असं, बोलणं असं गोड की गिऱ्हाईक माप द्यायला आणि गप्पा मारायला, दोन्हीसाठी यायचं.

मग एका कोटाची बाही दोन बोटं आखूड कापली गेली. पंधरवड्यात दुसऱ्याची. गिऱ्हाइकासमोर धाकटा गप्प राहिला. दुपारी दुकान रिकामं झाल्यावर म्हणाला, "दादा, कापायचं काम मी बघतो. तुझे डोळे..."

"माझी जागा हवीय ना तुला? मग सरळ बोल की."

"अरे, ऐक तरी..."

"चाळीस वर्षं कात्री धरलीय मी. तू मला शिकवणार?"

आवाज चढत गेले. धाकट्याने चार वेळा तोंड उघडलं, चारही वेळा थोरल्याने त्याला मध्येच तोडलं. शेवटी तो आपलं मशीन उचलून निघून गेला.

तीन वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. थोरला माझ्यावर वाकून, खडूची रेघ बोटाने चाचपत कापत राहिला. मला ते कळत होतं. पण टेबलाचं कोण ऐकतं?

एक दिवस त्याला रेघ अजिबातच दिसेनाशी झाली. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. वेळेवर आला असतात तर वाचली असती, गेलेली नजर आता परत येणार नाही.

तेव्हा थोरल्याच्या बायकोने धाकट्याला बोलावून घेतलं. दोघांना माझ्या दोन बाजूंना बसवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आज याचं बोलून होईपर्यंत तुम्ही तोंड उघडायचं नाही."

धाकटा बोलू लागला. "तू दोनदा दाराच्या चौकटीवर आपटलास, दादा. मी बघितलं होतं. म्हणून त्या दिवशी तुझ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेऊन आलो होतो. तुझी जागा नको होती रे मला."

थोरल्याचे ओठ हलले. त्याने ते मिटून घेतले. धाकट्याचं बोलून झालं. मग थोरल्याने हळूच विचारलं, "कितीची वेळ होती?"

"संध्याकाळी पाचची."

थोरल्याने माझ्यावर कपाळ टेकलं. माझं लाकूड ओलं झालं.

आता धाकटा कापतो, थोरला शेजारी बसतो. अबोला सुटला. नजर मात्र गेली ती गेलीच. गिऱ्हाईक कितीही लांबण लावो, थोरला मध्ये बोलत नाही. त्याचं संपलंसं वाटलं, तरी विचारतो, "अजून काही राहिलंय का सांगायचं?"

तुमच्या घरीही कुणी काही सांगायला आलं असेल. त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. माझं तेवढंच मागणं आहे.