नखाएवढा चेहरा

मित्रांनो, मी एक जुनं मुखचित्र आहे. पुस्तकाचं म्हणाल तर नाही, एका व्हिडिओ गेमचं. ऑनलाइन दुकानात हजारो गेम ओळीने मांडलेले असतात, तिथे प्रत्येक नावासोबत एक चौकोन दिसतो ना, त्यातलाच एक मी. मोबाइलवर माझा आकार तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. तुम्ही बोट सरकवत जाता आणि आमच्यासारख्यांना न बघता मागे टाकता. कुणी किती जीव ओतलाय, त्याची तुम्हाला काडीची पर्वा नसते. नसू दे. मला बघून मात्र तुम्ही थांबला होतात. का थांबलात ते सांगतो. ऐकून बरं वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म दोन खोल्यांच्या एका घरात झाला. तिथे ताई, तिचा धाकटा भाऊ आणि त्यांचे बाबा राहत. ताई चित्रं काढायची. भाऊ संगणकावर गेम बनवायचा. त्याला टक्कल पडायला लागलं होतं, तरी घरात सगळे त्याला छोटूच म्हणत. बाबांनी आयुष्यभर लोकांना मोटार चालवायला शिकवलं होतं. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून घाम पुसत शिकलं होतं. आता त्यांना स्वतःच्या घराचा रस्ता आठवत नव्हता. आपण जेवलो की नाही, तेही आठवत नव्हतं. ताईला ते कधी आपली बहीण समजत, कधी दवाखान्यातली बाई. पण छोटूचा हात हातात आला की स्वारी निवांत! तो हात धरून ते बाजारात जात, केस कापायला जात, डॉक्टरकडे जात. दुसऱ्या कुणाबरोबर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. सगळं विसरलेल्या त्या माणसाचा तेवढ्या एका हातावर भरवसा उरला होता.

छोटूने गेम त्यावरच रचला. खेळणाऱ्याने बाबांना घरी न्यायचं. बटण दाबून ठेवलं की हात धरलेला, बटण सोडलं की हात सुटला आणि बाबा हरवले. बस, एवढंच. ना बंदुका, ना भुतं. नोकरी सोडून, मित्रांची बोलणी खाऊन त्याने तो पुरा केला होता. गेम चांगला होता हो. मी कुणाचं उगाच कौतुक करणारा नाही, पण तो चांगला होता.

ताईने मला पहिल्यांदा काढलं तेव्हा मी फार देखणा होतो. संध्याकाळचा रस्ता, दुकानांच्या पाट्या, झाडं, पायरीवर बसलेलं मांजर, आणि मधोमध हात धरून चाललेले पाठमोरे बापलेक. ताई खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे बघत बसायची. मीही फुशारून जायचो.

मग अंगठेसाहेब आले. गेम कसा खपवावा हे जाणणारे गृहस्थ. त्यांना हे नाव पडलं त्यांच्या सवयीमुळे. कुठलंही मुखचित्र समोर आलं की ते आधी नखाएवढं करायला लावत. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हात लांब करत आणि अंगठा चित्राशेजारी धरत. तेवढ्या आकारात काही कळलं तर चित्र पास, नाही तर नापास. मला बघून ते म्हणाले, "हे काय? कुणाची शाई सांडली का?"

ताईचा चेहरा उतरला. पण माणूस खरं बोलत होता. ताई मला भल्यामोठ्या पडद्यावर रंगवत होती आणि गिऱ्हाईक मला नखाएवढा बघणार होतं. ही चूक भले भले चित्रकार करतात.

झालं, माझी कापाकापी सुरू झाली. आधी मांजर गेलं. मग झाडं गेली, पाट्या गेल्या, अख्खा रस्ता गेला. "पाठमोरं कुणी बघत नाही, तोंड दाखवा," साहेब म्हणाले. ताईने दोघांना वळवलं. "दोन माणसं कशाला? डोळ्याचा गोंधळ होतो." लेक गेला. लेक गेल्यावर बाबांचा नुसता पुढे केलेला हात उरला. "हात नाही हो विकला जात, चेहरा विकला जातो!" तोही गेला. शेवटी अख्ख्या चौकोनात बाबांचा शांत, हसरा चेहरा तेवढा राहिला.

आता चाचणी. शेजारच्या काकूंना बोलावलं, मला दोन सेकंद दाखवलं आणि झाकलं.

"काय दिसलं काकू?"

"बटाटा गं," काकू म्हणाल्या. "हसरा बटाटा."

मी तेव्हा जो चरफडलो! छोटूला तर रडूच फुटायचं बाकी होतं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे बघ, पहिल्या आठवड्यात लोक थांबले नाहीत तर दुकान तुझा गेम तळाला ढकलतं. तिथून वर कुणी येत नाही. चेहऱ्यावर काहीतरी पाहिजे. भीती पाहिजे. आणि खोटी नको, खोटी भीती लगेच कळते."

ताईने घाबरलेले चेहरे काढून पाहिले. सगळे नाटकी. कुणाला दाढ दुखतेय असं वाटे, कुणाला शिंक येतेय असं. छोटू ते बघत उभा होता. मग तो आतल्या खोलीत गेला आणि म्हणाला, "बाबा, चला, बाजारात जाऊन येऊ."

बाबांनी खुशीत हात पुढे केला.

मी तिथे नव्हतो. पण मी ज्या फोटोंवरून घडलो, त्यांत सगळं आहे. भर दुपारी, भर गर्दीत छोटूने हात सोडला आणि तो एका खांबाआड जाऊन उभा राहिला, कॅमेरा घेऊन. पहिल्या फोटोत बाबा हसतायत. त्यांना वाटतंय, पोरगं काहीतरी घ्यायला थांबलं असेल. पुढच्यात ते मान वळवून शोधतायत. पुढच्यात तोंड उघडं आहे, "छोटूऽ" म्हणून हाक मारतायत. हात तसाच पुढे केलेला, नेहमीच्या उंचीवर. कुणीतरी जाता जाता त्या हातावर नाणं ठेवलंय आणि बाबा त्या नाण्याकडे बघतायत. तेवढ्यावर छोटूने जाऊन त्यांना धरलं असतं, तर मी त्याला माफ केलं असतं. पण तोंडावर ऊन नीट पडलं नव्हतं. म्हणून तो थांबला. बाबा दोन पावलं उन्हात येईपर्यंत थांबला, आणि मग त्याला हवा तो फोटो मिळाला.

ताईने फोटो पाहिले आणि विचारलं, "हे कसं झालं?"

"गर्दीत हात सुटला, ताई."

"आणि कॅमेरा नाही सुटला?"

ताई खूप रडली. रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं आणि मला रंगवायला बसली. हो, रंगवलं तिनेही! अशी रंगवणारी पुन्हा होणे नाही. मागे काळोखा निळा, चेहऱ्यावर पिवळं ऊन, डोळ्यांत जीव गोळा झालेला. साहेबांनी अंगठा धरला आणि ओरडले, "आता कसं! लांबून हाक मारतोय बघा!"

मित्रांनो, मी काय गाजलो म्हणून सांगू! बोटं माझ्यापाशी थबकायला लागली. लोकांना वाटलं, काहीतरी भयंकर आहे आत. गेम धडाधड विकला गेला. भुतं निघाली नाहीत म्हणून काहींनी शिव्या दिल्या, पण घेतला. चित्रकलेच्या वर्गांमध्ये मला भिंतीवर दाखवून शिकवू लागले. एक चेहरा, एक भावना, उजेड आणि काळोख. पोरं वहीत उतरवून घ्यायची. मी फुगून टम्म झालो होतो.

घरी काय चाललं होतं? बाजारात गेलेलं बाबांना आठवत नव्हतं. बाजार विसरले, नाणं विसरले. पण सुटलेला हात विसरले नाहीत. छोटूने हात पुढे केला की ते आपले दोन्ही हात काखेत घालून बसत आणि अदबीने म्हणत, "नको साहेब. माझा मुलगा येतोय मला न्यायला."

"बाबा, मीच तो. छोटू."

"हो हो. तो येईलच. तुम्ही व्हा पुढे."

डॉक्टरकडे जाणं बंद झालं. केस मानेवर वाढले. छोटू रोज हात पुढे करायचा आणि रोज तेच ऐकायचा. एके दिवशी तो सहन न होऊन उठला आणि त्याने मला दुकानातून काढून टाकलं. माझ्या जागी ताईचं पहिलं चित्र लावलं, रस्ता, मांजर, हात धरलेले बापलेक. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण मनात म्हटलं, शाबास रे पठ्ठ्या.

आठवडाभर त्या चित्रापाशी एक बोट थांबलं नाही. गेम घसरत घसरत तळाला गेला. साहेबांचे फोन यायला लागले. आणि छोटूने, कुणी हात पिरगाळला नसताना, मला पुन्हा उघडलं. दुकानात परत चढवण्यासाठी.

त्या वेळी बाबा मागून येऊन उभे राहिले. पडद्यावर मी होतो, भला मोठा. बाबांनी मला बराच वेळ बघितलं.

"अरेरे," ते म्हणाले. "केवढा घाबरलाय बिचारा! कोण हो हा?"

ताई म्हणाली, "बाबा, तुम्हीच आहात ते."

बाबा खो खो हसले. "मी? काहीतरीच काय! मला असं रस्त्यावर टाकायला माझा मुलगा काय मेलाय?"

छोटूचा हात बटणावर होता. मग त्याने बटण दाबलं आणि मी दुकानात परत गेलो.

आजही तिथेच आहे. जुना झालोय, माझ्यापेक्षा भेदरलेले चेहरे आलेत, तरी अधूनमधून कुणीतरी माझ्यापाशी थांबतं. मित्रांनो, मुखचित्रं खुशाल काढा, मोठा चेहरा काढा, ठसठशीत काढा. पण घरचं माणूस त्यासाठी वापरू नका. आणि मला जपा असं मी म्हणणार नाही. कुठे दिसलो तर माझ्यावर बोट दाबून मला उघडू नका. कुणी दाबलं नाही की आम्ही आपोआप तळाला जातो आणि मग दिसेनासे होतो. तुम्ही दाबलंत की मी पुन्हा वर येतो, आणि तो म्हातारा पुन्हा त्या उन्हात उभा राहतो. जाऊ द्या मला खाली.