तासाला साठ ग्रॅम

माझा धाकटा भाऊ औषधाच्या दुकानात कंपाउंडर आहे आणि जगातलं सगळं दुःख तोलूनमापून हाताळता येतं असा त्याचा समज आहे. मी मॅरेथॉन पळायला लागले तेव्हा त्यानं माझ्या पोटाचा ताबा घेतला. अंगातला साखरेचा साठा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपतो, म्हणून पळता पळता तासाला साठ ग्रॅम साखर पोटात गेलीच पाहिजे, हे त्याचं म्हणणं. चार महिने दर रविवारी त्यानं मला पळतानाच साखरपाणी पचवायची सवय लावली. सुरुवातीला पोटात इतकं ढवळायचं की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, म्हणजे माझ्याच.

तरी दोन शर्यती मी पस्तिसाव्या किलोमीटरला सोडल्या. भावाचं तोंड एवढंसं झालं. तो वहीत प्रमाण बदलत बसायचा; ग्लुकोज किती, फळांची साखर किती, मीठ किती. मी गप्प राहायचे. चूक त्याच्या गणितात नव्हतीच.

पहिल्या शर्यतीत पंचविसाव्या किलोमीटरला बाटली खरंच हातातून निसटली. पुढची बाटली ठेवलेल्या टेबलापाशी, वेळ जायला नको म्हणून, मी थांबलेच नाही. तिसाव्यानंतर पाय मेणाचे झाले, सावल्या पाण्यासारख्या वाहू लागल्या आणि मागून किल्ल्यांचा जुडगा वाजला. बाबा. कुलपं दुरुस्त करणारे आमचे बाबा, जाऊन चार वर्षं झालेले. मी पळत होते, ते नुसतेच चालत होते, तरी मागे पडत नव्हते.

"दमलीस का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. मग आम्ही बराच वेळ तसेच बरोबर जात राहिलो. इतकं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं. नंतर मी कोसळले.

डॉक्टर म्हणाले, साखर उतरली की माणसाला काहीबाही दिसतं. म्हणोत बापडे. दुसऱ्या शर्यतीत पंचविसाव्यापासूनच्या बाटल्या मी मुद्दाम कुंपणाच्या कडेला ओतल्या, आणि बाबा आले.

आता ही तिसरी. तीनदा शर्यत अर्धवट सोडली की पुन्हा प्रवेश नाही, असा ती भरवणाऱ्या क्लबचा नियम होता. पंचविसाव्याच्या पाटीजवळ भाऊ स्वतः बाटली घेऊन उभा होता. धापा टाकत माझ्याबरोबर पळू लागला.

"ताई, मागच्या वेळी बाटल्या गोळा करायला आलो, तर इथे मुंग्यांची रांग लागली होती."

मी पुढे बघत पळत राहिले.

"सलाईन लावल्यावर तू बडबडत होतीस. सगळं ऐकलं मी."

आता हा झापणार, असं मला वाटलं.

"बाबा कसे दिसतात गं?"

बाबा गेले तेव्हा तो परगावी परीक्षेला होता. पेपर बिघडू नयेत म्हणून त्याला कळवायचं नाही, हे मीच ठरवलं होतं. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यावरून तो मला एका शब्दानं कधी बोलला नाही.

"बरे दिसतात," मी म्हटलं. "छान चालतात."

त्यानं बाटली पुढे केली. "ओतायची तर ओत. फक्त माझं प्रमाण चुकत नव्हतं, एवढं तरी सांगायचंस. झोप उडाली होती माझी."

मला स्वतःची लाज वाटली. मी बाटली तोंडाला लावली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. तिसाव्याला प्यायले, पस्तिसाव्यालाही प्यायले. पाय चालत राहिले. रस्ता रस्त्यासारखाच राहिला, सावल्या झाडांखालीच पडून होत्या. मी कान देऊन ऐकत होते, पण मागून नुसते बूट वाजत होते. चाळिसाव्याला मला रडू फुटलं, आणि रडत रडतच मी शर्यत पूर्ण केली.

भावानं माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. "आले होते?"

पोटात साखर असताना कुणी येत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"आले होते," मी म्हटलं. "तुझी परीक्षा कशी गेली, विचारत होते."

तो फुटपाथवर बसला आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. खाली मान घालूनच त्यानं विचारलं,

"पास झालो म्हणून सांगितलंस ना?"